स्वित्झर्लंडहून आलेल्या आजीचे चरित्र घरच्या घरी कसे लिहावे

पुण्यातल्या पुष्कळ घरांत फडताळाच्या वरच्या कप्प्यात एक जाडजूड कुलवृत्तांत असतो. त्यात मूळ पुरुषापासून आजपर्यंतचे सगळे पुरुष क्रमवार सापडतात आणि त्यांच्या बायका ‘पत्नी अमुक, माहेर तमुक’ अशा अर्ध्या ओळीत उरकलेल्या असतात. आमचे घर मराठी ख्रिस्ती, त्यामुळे असा ग्रंथ आमच्याकडे नव्हता. पण त्याचा साचा डोक्यात इतका पक्का बसलेला होता की आजीचे चरित्र लिहायला घेतले तेव्हा माझा पहिला मसुदा आजोबांचाच झाला. त्यांचे शिक्षण, यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथे काढलेली दोन वर्षे, खडकीच्या कारखान्यातली नोकरी, बढत्या हे सगळे त्यात आले होते आणि आजीविषयी लिहिले होते, ‘१९५४ साली विवाह. अत्यंत श्रद्धाळू व कुटुंबवत्सल.’ आत्याने तो मसुदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि एवढेच विचारले, “यात आईची वेणी कुठे आहे?”

ही वेणी पावाची. तिच्याकडे पुढे येईनच. परदेशातून लग्न होऊन आलेल्या आणि घर व देव या दोन गोष्टींत सगळे आयुष्य घातलेल्या बाईचे चरित्र लिहिताना पहिला नियम असा करावा की ‘श्रद्धाळू’, ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ ही विशेषणे पहिल्या मसुद्यात वापरायचीच नाहीत. ती जिथे लिहावीशी वाटतील तिथे त्या बाई कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या वस्तूला हात लावून काय करीत असत, हे लिहावे. ते आठवत नसेल तर जागा कोरी सोडावी आणि कोणाला तरी विचारून मग भरावी.

आजी हयात असेल तर कागदपत्रे नंतर पाहता येतील. आधी बोलणे ध्वनिमुद्रित करावे. फोन पुरेसा आहे, पण तो टेबलावर उघडा न ठेवता घडी केलेल्या रुमालावर ठेवावा, म्हणजे कपबशीचा आवाज शब्दांवर चढत नाही. एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ झाला. प्रश्न विचारताना आपला मराठी स्वभाव आड येतो: आपण थेट ‘तुझी देवावर एवढी श्रद्धा कशी?’ असे विचारतो आणि समोरून पाळकसाहेबांच्या प्रवचनासारखे उत्तर येते. त्याऐवजी ‘रविवारी उठल्यापासून उपासनेची घंटा होईपर्यंत काय काय करायचीस?’ असे विचारावे. मी हे विचारले तेव्हा आजी चाळीस मिनिटे बोलली. त्यात आजोबांच्या बुटांना शनिवारी रात्रीच पॉलिश करून ठेवणे होते, मुलांच्या खिशात दानाचे नाणे घालून वर टाचणी लावणे होते आणि चर्चला जाताना रस्त्यात कोणाशीही न बोलता मनातल्या मनात एक गीत जर्मनमध्ये व तेच परतताना मराठीत म्हणणे होते. हे शेवटचे तिने कोणालाच सांगितलेले नव्हते, कारण कोणी विचारलेलेच नव्हते.

भाषेची अडचण येईल. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात घरात बोलतात ती स्विस जर्मन आणि लिहितात ती प्रमाण जर्मन, आणि या दोहोंत अंतर मोठे आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेला कोणी ना कोणी प्रत्येक पुणेकराच्या नात्यात निघतोच. परंतु त्याने शिकलेली असते ती प्रमाण भाषा, आणि वयस्कर बाई भावंडांच्या आठवणीत शिरल्या की बोलीत जातात. तेव्हा त्यांना थांबवून ‘नीट जर्मन बोल’ असे म्हणू नये. जे शब्द कळले नाहीत ते कानाला आले तसे देवनागरीत उतरवावेत. आपली लिपी या कामाला फार सोयीची आहे, आणि पुढे तिकडचा कोणी नातेवाईक ते मोठ्याने वाचून घेऊन अर्थ सांगू शकतो. आम्ही नातवंडे तिला ‘ग्रोसी’ म्हणत असू. हा तिकडचा आजीसाठीचा घरगुती शब्द. आळीतल्या लोकांसाठी ती ‘मॅडमआजी’ होती. चरित्रात दोन्ही नावे ठेवावीत.

आता कागद. येथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि आम्हीही चाळीस वर्षे केली. आजीच्या सगळ्या स्विस कागदांवर बर्न परगण्यातील एमेन्टाल खोऱ्यातल्या एका गावाचे नाव होते, म्हणून आमच्या घरी सर्वांना ठाऊक होते की आजी त्या गावची. प्रत्यक्षात ती जन्मली व वाढली विंटरटूरमध्ये, आणि त्या गावात ती आयुष्यात एकदा, तेही शाळेच्या सहलीबरोबर गेली होती. स्विस कागदांवर जन्मगावापेक्षा ‘हाइमाटओर्ट’ महत्त्वाचे असते, म्हणजे ज्या गावाचे नागरिकत्व त्या कुटुंबाकडे वंशपरंपरेने चालत आले ते गाव. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहून माणूस ‘आमचे मूळ गाव गुहागर’ म्हणतो, तसाच हा प्रकार; फरक इतकाच की तिकडे तो सरकारी नोंदीत असतो. याचा उपयोग असा की, जुन्या नोंदी हव्या असतील तर जन्मगावाबरोबर या मूळ गावाचीही विचारणा करावी. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी १८७६ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद देशभर सरकारी निबंधकाकडे होऊ लागली. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या वह्यांत आहेत. अलीकडच्या काळातील नोंदींचे उतारे कोणालाही मिळत नाहीत, नाते सिद्ध करावे लागते. म्हणून आपला व आपल्या आईवडिलांचा जन्मदाखला आधी तयार ठेवावा.

जन्म तिकडचा म्हणून माणूस तिकडचा, असेही समजू नये. सावित्रीबाई खानोलकर यांचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. परमवीर चक्राची रचना करणाऱ्या सावित्रीबाईंचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला, परंतु त्यांचे वडील हंगेरियन आणि आई रशियन होती. मराठी सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ साली विवाह करून त्या हिंदू परंपरेशी इतक्या एकरूप झाल्या की पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र कोरले. ‘स्विस सून’ या दोन शब्दांत हे सगळे मावत नाही. आपल्या आजीच्या बाबतीतही जन्म कोठे, नागरिकत्व कोणते, घरची भाषा कोणती आणि धर्मपंथ कोणता, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

विवाहाची तारीख तपासताना दोन तारखा सापडल्या तर गोंधळू नये. तिकडे सरकारी नोंदणी आधी झाल्याशिवाय चर्चमध्ये विवाह लावता येत नाही. आमच्या आजीच्या कागदांत शुक्रवारची एक तारीख आहे आणि शनिवारची दुसरी. तिने आयुष्यभर लग्नाचा वाढदिवस केला तो शनिवारचाच. त्या काळच्या स्विस पत्रांवरील नाव वाचण्याचीही एक खूण आहे. विवाहित स्त्रीचे नाव जोडनाव असेल तर त्यातला पहिला भाग सासरचा आणि जोडरेषेनंतरचा माहेरचा असतो. लग्नानंतर मुलीचे पहिले नावसुद्धा बदलण्याची चाल असलेल्या मुलुखात आलेल्या बाईच्या बहिणी तिला पन्नास वर्षे माहेरचे नाव जोडून पत्रे पाठवीत होत्या, ही गोष्ट चरित्रात एक परिच्छेद मिळवण्याजोगी आहे.

नागरिकत्वाचा प्रश्न कोरडा वाटतो, पण माझ्या मते या चरित्रातला सर्वांत चांगला भाग त्यातूनच निघाला. १९५२ सालापर्यंत परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या स्विस स्त्रीचे नागरिकत्व सामान्यतः जात असे. १९५३ च्या आरंभी नवा कायदा लागू झाला आणि लग्नाच्या वेळी ‘मला स्विस राहायचे आहे’ असे लेखी दिल्यास ते टिकू लागले. आजीने १९५४ साली तसे लिहून दिले होते. दोन वर्षे आधी लग्न झाले असते तर बहुधा ही संधीच मिळाली नसती. त्यामुळे ती पुण्यात कायम परदेशी नागरिक राहिली, तिला येथे मतदान नव्हते, आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे कागद वेळोवेळी नवे करून घ्यावे लागत. हेच कागद आज पत्ते व तारखा ठरवायला सोन्यासारखे उपयोगी पडतात, म्हणून ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. तिकडे स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार मिळाला तो १९७१ साली. आणि परदेशातून टपालाने मत देण्याची सोय झाली १९९२ साली. आजीचा जन्म १९३०चा. म्हणजे तिने पहिले मत दिले ते वयाची साठी उलटल्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कणकेचे हात पुसून. ज्या पाकिटातून मतपत्रिका आली ते तिने पवित्र शास्त्रात स्तोत्रसंहितेच्या पानांत ठेवले होते आणि ते पाकीट तिथे का, हे ती गेल्यावर दोन वर्षांनी उमगले.

पत्रांविषयी एक साधी गोष्ट लोक विसरतात: आपल्या घरातल्या पेटीत आहेत ती आजीला आलेली पत्रे. तिने लिहिलेली पत्रे तिकडे आहेत. आम्ही आजीच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला विचारले तेव्हा तिच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात पुण्याहून गेलेली दीडशेच्या वर एअरोग्राम, म्हणजे घडी करून चिकटवायची हवाई टपालाची पत्रे, निघाली. पुष्कळांवर वर्ष नव्हते, नुसता दिवस व महिना. तेव्हा वर्ष ठरवायला आतला मजकूर कामास येतो. भाजीचे भाव आण्यांत असतील तर पत्र एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याची शक्यता अधिक, कारण नवे पैसे तेव्हापासून सुरू झाले. मात्र बोलण्यात आणे पुढेही कितीतरी वर्षे चालले, म्हणून एवढ्या एकाच पुराव्यावर विसंबू नये. बोटीने येणारे पार्सल आफ्रिकेला वळसा घालून आल्याची तक्रार असेल तर सुएझ कालवा बंद असलेला काळ पाहावा: १९५६ च्या अखेरीपासून १९५७ च्या वसंतापर्यंत, किंवा १९६७ ते १९७५. नदीचे पाणी शहरात शिरल्याचे वर्णन असेल तर ते १२ जुलै १९६१ चे, पानशेतचे. रात्री भांडी फळीवरून पडल्याचे असेल तर डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. पत्त्यात पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, आणि तिकडच्या पत्त्याआधी चार आकडी क्रमांक असेल तर १९६४ च्या शरद ऋतूनंतरचे.

स्कॅन करायला पत्रे बाहेर देऊ नयेत, असे मी अनुभवाने सांगते. एका दुकानात मी पहिली वीस एअरोग्राम दिली. यंत्रातून सरळ जावीत म्हणून तिथल्या मुलाने त्यांच्या डिंकाच्या कडा कात्रीने सफाईने कापल्या, आणि तीन पत्रांवरचा टपाल शिक्का कडेबरोबर केराच्या टोपलीत गेला. घरी खिडकीशी पत्र ठेवून फोनने छायाचित्र काढले तरी चालते. पाठ व पोट दोन्ही बाजूंचे काढावे आणि छायाचित्राच्या नावात तारीख घालावी.

आजीच्या आईची पत्रे मात्र जर्मन येणाऱ्यालाही वाचता आली नाहीत. ती ‘कुरेंट’ नावाच्या जुन्या वळणात होती, जसे आपल्याकडे मोडी. तिच्यात ‘ई’चे अक्षर हुबेहूब ‘एन’सारखे दिसते, आणि ‘यू’ ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर छोटी कमान काढतात. ही कमान हाती लागली की शब्द सुटू लागतात. आधी ज्यांचा मजकूर आपल्याला ठाऊक आहे अशा ओळी घ्याव्यात, म्हणजे पत्राचा मायना किंवा बायबलचे वचन. त्यांवरून अक्षरे जुळवून मग पुढे जावे.

वचनांवरून श्रद्धेच्या भागाकडे येते. प्रोटेस्टंट स्विस घरातली आजी असेल तर तीन वस्तू हमखास शोधाव्यात. पहिली, दृढीकरणाचे, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलाने मोठेपणी आपली श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीचे, प्रमाणपत्र. हा विधी साधारण सोळाव्या वर्षी, पुष्कळ ठिकाणी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, होतो आणि प्रत्येक मुलाला एक वचन नेमून दिले जाते. दुसरी, लग्नात चर्चकडून मिळालेले बायबल, ज्याच्या आरंभीच्या पानांवर मुलांचे जन्म व बाप्तिस्मे लिहिलेले असतात. तिसरी, ‘लोझुंगेन’ या नावाची रोजच्या वचनांची छोटी पुस्तिका. मोरेव्हियन बंधुसमाज या प्रोटेस्टंट पंथाच्या जर्मनीतील हेर्नहूट येथील मंडळीने ती १७३१ सालापासून दरवर्षी छापली आहे. आजीची बहीण ती दर नाताळाला पाठवी. ज्या दिवशी घरात काही घडले त्या दिवसाच्या वचनाशेजारी आजी पेन्सिलीने एकच शब्द लिही: ‘दात’, ‘ताप’, ‘निकाल’, ‘आई’. शेवटचा शब्द ज्या पानावर आहे त्या दिवशी तिची आई गेल्याची तार आली होती. अशा पुस्तिका घरात असतील तर त्या रोजनिशीसारख्या वाचाव्यात.

दृढीकरणात तिला नेमून दिलेले १२१ वे स्तोत्र डोंगरांकडे डोळे लावणारे होते. मोह असा झाला होता की गच्चीतून दिसणारा सिंहगड आणि हे स्तोत्र यांची गाठ मारून एक सुंदर परिच्छेद लिहावा. मी आजीला विचारले. ती म्हणाली, “डोंगर कसले पाहते! पावसाळ्यात कपडे वाळत घालायचे की नाही, ते बघायला मी गच्चीत जात असे.” तो परिच्छेद काढला आणि तिचे वाक्य ठेवले. अशा गाठी आपण मारायच्या नसतात. मारल्याच तर विचारून माराव्यात.

तसाच दुसरा मोह इतिहासाचा. स्विस आणि ख्रिस्ती हे दोन शब्द एकत्र आले की लोक लगेच मिशन जोडतात. बासेल मिशनची स्थापना १८१५ सालची. त्यांचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला आले, पुढे धारवाड-हुबळीपर्यंत पसरले, आणि त्यांनी १८६५ साली काढलेल्या कारखान्यामुळे ज्यांना आपण मंगलोरी कौले म्हणतो ती प्रचारात आली. हे सगळे खरे आणि रंजक आहे, पण आमच्या आजीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ती मिशनरी नव्हती. एका इंजिनिअरच्या प्रेमात पडून जिनोआहून बोटीने मुंबईला आली होती. आपल्या आजीच्या कागदांत मिशनचे नाव असेल तर बासेल येथील त्यांच्या संग्रहाला जरूर लिहावे. नसेल तर हे प्रकरण गाळावे.

येथील श्रद्धेच्या नोंदी मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वहीत मिळतात. मुलांचे बाप्तिस्मे, दृढीकरणे, विवाह यांच्या नोंदी पाहायला पाळकांना लेखी विनंती करावी आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. रविवारी उपासनेनंतर त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. जन्ममृत्यूचे दाखले शोधताना घर महापालिकेच्या हद्दीत होते की पुणे किंवा खडकी कॅन्टोन्मेंटच्या, हे आधी ठरवावे, कारण दफ्तरे वेगळी आहेत. तिकडच्या पूर्वजांच्या थडग्यांचे फोटो मिळतील अशी आशा ठेवू नये. स्वित्झर्लंडमध्ये साधारण वीस-पंचवीस वर्षांनी थडग्याची जागा मोकळी करून पुन्हा वापरतात. पणजीची समाधी पाहायला गेलेल्या माझ्या भावाला तिथे फुलांचा ताटवा दिसला.

आणि आता वेणी. तिकडे रविवारच्या न्याहारीसाठी शनिवारी ‘त्सोप्फ’ भाजतात. मैदा, दूध, लोणी, यीस्ट आणि मीठ मळून, फुगवून, त्याच्या दोन लांब वळकट्या करायच्या, त्या फुलीसारख्या एकमेकींवर ठेवायच्या आणि चार टोके आळीपाळीने ओलांडत वेणी घालायची. वरून अंड्याचा बलक फासायचा. नुसती कृती देऊन थांबू नये. ती कृती पुण्यात कशी तगली, हे लिहावे. आजीकडे पहिली बारा वर्षे भट्टी नव्हती. शनिवारी संध्याकाळी ती ओल्या फडक्याखाली झाकलेला ट्रे घेऊन आळीच्या टोकाच्या बेकरीत जाई, जशा दिवाळीत बायका नानकटाई भाजायला नेत. उन्हाळ्यात पीठ वाटेतच फुगून ट्रेबाहेर येई, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ती मळतानाच थंडगार दूध घाली आणि यीस्ट निम्मे करी. हे प्रमाण कोणत्याही स्विस पाककृतीत सापडणार नाही. तिच्या वहीत जर्मन अक्षरांत ‘माई’, म्हणजे मे महिना, असे लिहून खाली रेघ ओढलेली आहे. आत्याला वेणी घालायला याच पिठावर शिकवले गेले आणि पुढे केसांची वेणीही ती चार पेडांचीच घाली. बटाटे किसून तव्यावर परतलेले रोश्टी आणि आपला उपासाचा बटाट्याचा कीस यांवरून सासूसुनांचे जे जमले, तेही अशाच तपशिलाने लिहिता येते. शेंगदाण्याचे कूट घातले की सासूबाईंचा पदार्थ, न घातले की तिचा.

मराठी ती शिकली मुख्यतः गीतांतून. आपल्या मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते गातात, आणि त्यांतले कित्येक शब्द रोजच्या बाजारात चालत नाहीत. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत ती भाजीवाल्याशी ओव्यांच्या भाषेत बोले, अशी आजोबांची आवडती गोष्ट होती. ती मी ठेवली, पण आजोबांची म्हणून. आजीला ती मान्य नव्हती, आणि तेही लिहिले.

काय गाळावे, हे घरातल्या सर्वांत वयस्कर हयात स्त्रीने ठरवावे, लेखकाने नव्हे. आमच्याकडे दोन पत्रे छापली नाहीत. त्यांत एका मुलाच्या आजारपणात आजीने देवाला जे सुनावले होते ते फार कडक होते. आत्या म्हणाली, “ते आईचे आणि त्याचे आपापसातले आहे.” तिच्या श्रद्धेविषयी त्या पत्रांइतके काही बोलके नव्हते, असे मला अजूनही वाटते, परंतु शब्द दिला होता. पत्रे आहेत एवढेच पुस्तकात सांगितले.

छपाईविषयी थोडक्यात. पन्नास-साठ प्रतींसाठी डिजिटल छपाई पुरते. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंत सगळे होते. जर्मन नावे देवनागरीत लिहिताना एकच रूप ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावे. तिकडच्या भावंडांसाठी शेवटी दोन पानांचा जर्मन सारांश जोडावा, नाहीतर ज्यांनी पत्रे दिली त्यांच्याच हाती न वाचता येणारे पुस्तक पडते. पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत बसवताना आमची तीन पाने कोरी राहत होती. आत्याने तिथे लग्नातल्या बायबलसारख्या रेघा मागितल्या, पुढचे जन्म लिहायला. अशा रेघा जुळणीतच छापून घ्याव्यात. मी पट्टी घेऊन हाताने आखायला बसले आणि अकराव्या प्रतीपासून त्या उताराला लागल्या.